स्वॅब निगेटिव्ह, पण माणूस तर आजारी आहे! मग खरं कोणाचं?

यावेळी स्वॅबवरच एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलावे लागून राहिले. मी नागपुरातल्या लॅबमध्ये बरीच वर्षं स्वॅब तपासले आहेत, त्यामुळे टेस्टबद्दल मनापासून आणि मोकळं सांगते. औषधाचं मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न : ताई, आम्ही मानेवाड्यात राहतो. सासरे ७३ वर्षांचे, शुगर आहे. सोमवारी रात्री अंग दुखून राहिलं म्हणाले, मंगळवारी सकाळी ताप १०१. मी लगेच जवळच्या क्लिनिकमध्ये नेलं, तिथं कोविडची रॅपिड टेस्ट केली, पंधरा मिनिटांत निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, आम्ही निर्धास्त झालो, नातू त्यांच्याच जवळ झोपला. शुक्रवारी दम लागला, ऑक्सिजन ९१, दुसऱ्या हॉस्पिटलात आरटीपीसीआर केली तर पॉझिटिव्ह! आता ते घरी आहेत, बरे आहेत. पण दीर म्हणून राहिले की तू धड ठिकाणी नेलं नाहीस म्हणून हे झालं. ती पहिली टेस्ट खोटी होती का? माझं चुकलं का?

उत्तर : ताई, आधी हे ऐका, तुमचं काही चुकलं नाही. ताप आल्या आल्या म्हाताऱ्या माणसाला उचलून नेलं, यापेक्षा घरचा माणूस अजून काय करणार? आणि ती पहिली टेस्ट बहुतेक खोटीही नव्हती. ती लवकर झाली होती.

तुम्ही दिलेला वेळ बघा. सोमवारी रात्री अंगदुखी, मंगळवारी सकाळी स्वॅब, म्हणजे मध्ये जेमतेम बारा तास गेले. व्हायरस शरीरात शिरल्यावर नाकात त्याची संख्या हळूहळू वाढत जाते, शिखर गाठते आणि मग उतरते. आता बहुतेकांना लस तरी मिळाली आहे नाहीतर आधी इन्फेक्शन तरी होऊन गेलंय, त्यामुळे शरीर व्हायरसला लवकर ओळखतं, ताप-अंगदुखी लवकर सुरू होते, पण नाकातला व्हायरस शिखरावर जातो तो लक्षणांच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आसपास. म्हणून पहिल्याच दिवशी केलेली रॅपिड अर्धेअधिक रुग्ण सोडून देऊ शकते आणि तीच चौथ्या दिवशी बहुतेकांना पकडते. किट तेच आणि नाकही तेच, बदलतो तो फक्त दिवस.

आरटीपीसीआरसुद्धा या नियमातून सुटत नाही. २०२० मध्ये आधीचे सात अभ्यास आणि १,३३० नमुने एकत्र करून एक हिशोब मांडला होता, तो मला तोंडपाठ आहे कारण त्यानंतर माझी रिपोर्ट देण्याची भाषाच बदलली. संसर्ग झाल्याच्या पहिल्या दिवशी आरटीपीसीआर जवळपास सगळ्यांना निगेटिव्ह सांगते, चौथ्या दिवशी १०० बाधितांमधले ६७ सुटतात, लक्षणं सुरू होतात त्या दिवशी (त्यांनी तो पाचवा धरला होता) ३८ सुटतात आणि आठव्या दिवशी सर्वांत कमी, म्हणजे २०, नंतर आकडा पुन्हा वाढत जातो. म्हणजे अगदी चांगल्या दिवशी चांगल्या टेस्टनेही पाचातला एक सुटत होता. लोकांना हे कोणी सांगितलंच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता रॅपिड आणि आरटीपीसीआरमध्ये एवढा फरक काऊन? रॅपिडची पट्टी व्हायरसचं एक प्रोटीन शोधते, जेवढं नाकातून आलं तेवढंच तिच्यासमोर असतं, ते कमी असलं तर रेघ उमटत नाही. आरटीपीसीआरमध्ये आधी व्हायरसच्या आरएनएपासून डीएनए बनवतात आणि मशीन त्याच्या कॉपी काढत जातं, एकाचे दोन, दोनाचे चार, अशा ३० फेऱ्या झाल्या की एका धाग्याचे १०७ कोटी होतात. म्हणून ती कमी व्हायरसही पकडते. आयसीएमआरने (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) जून २०२० मध्ये पहिल्या रॅपिड किटला मान्यता दिली तेव्हा स्वतःच लिहिलं होतं की हे किट बाधितांपैकी ५०.६ ते ८४ टक्के लोकांना पकडतं. आणि त्याचमुळे नियमही घातला होता की लक्षणं असलेल्या माणसाची रॅपिड निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करायचीच.

त्या क्लिनिकमध्ये हे एक वाक्य तुम्हाला कोणी बोललं नाही, बस. टेस्ट करणं बरोबरच होतं, पण "निगेटिव्ह आहे, तरी वय आणि शुगर बघता आज-उद्या आरटीपीसीआर करा, तोवर नातवाला वेगळं झोपवा, ऑक्सिजन मोजत राहा" एवढं सांगायला हवं होतं. दिरांना हे उत्तर वाचायला द्या. आणि सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : मी धरमपेठेतल्या कॉलेजात बीएस्सी करतो. किटच्या डब्यावर ९९ टक्के लिहिलेलं असतं आणि बातम्यांमध्ये ५०-७० टक्के. यातला एक आकडा खोटा असणार ना?

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात, कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. एक आकडा सांगतो की आजारी माणसांपैकी किती पकडले, दुसरा सांगतो की निरोगी माणसांपैकी कितींना बरोबर सोडलं. डब्यावर मोठ्या अक्षरात बहुतेक दुसरा असतो कारण तोच देखणा असतो. रॅपिडचा हा दुसरा आकडा खरंच चांगला आहे, आयसीएमआरच्या त्याच तपासणीत तो ९९.३ ते १०० टक्के आला होता, म्हणून रॅपिड पॉझिटिव्ह आली की आपण सहसा विश्वास ठेवतो आणि निगेटिव्ह आली की थांबून विचार करतो.

पण तू बीएस्सीचा आहेस तर एक पायरी पुढे चल, वहीवर करून बघ. एक किट घे, १०० आजाऱ्यांतले ७० पकडणारं आणि १००० निरोग्यांतल्या ५ जणांना उगीच पॉझिटिव्ह सांगणारं. आता शहरात शांतता आहे, १००० लोकांत २० बाधित. किट १४ पकडेल, ६ सोडेल, आणि ९८० निरोग्यांतल्या ५ जणांना चुकीचं पॉझिटिव्ह सांगेल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या १९ जणांतले ५ फुकट घाबरले, पण निगेटिव्ह आलेल्या ९८१ जणांत फक्त ६ चुकले, शंभरात एकही नाही.

आता तेच किट लाटेच्या मध्यावर घे. १५ मार्च २०२१ ला नागपुरात कडक लॉकडाऊन लागला होता ना, तसे दिवस समज, तपासायला येणाऱ्या १००० तापवाल्यांत ४०० बाधित (हा आकडा मी हिशोबासाठी धरलाय). किट २८० पकडतं, १२० सोडतं. निरोगी ६०० पैकी ५९७ ना बरोबर निगेटिव्ह. म्हणजे निगेटिव्हचा कागद हातात घेऊन ७१७ लोक बाहेर पडले आणि त्यातले १२० खरं तर बाधित, दर सहामागे एक! किट बदललं नाही, कंपनी बदलली नाही, फक्त आजूबाजूला आजार किती आहे ते बदललं. ज्या दिवसांत लोक निगेटिव्ह रिपोर्टवर सगळ्यात जास्त विसंबून होते नेमक्या त्याच दिवसांत तो कागद सगळ्यात कच्चा होता. कोणी तुला एका आकड्यात अॅक्युरसी सांगितली तर विचार, कोणत्या लोकांत, कितव्या दिवशी, स्वॅब घेतला कोणी?

प्रश्न : स्वॅब एवढा आत घालणं खरंच गरजेचं आहे का? माझ्या मुलीच्या डोळ्यातून पाणी आलं. मैत्रिणीचा तर नुसता नाकपुडीत फिरवून घेतला, तिला काहीच दुखलं नाही. (नंदनवन)

उत्तर : दुखलं नाही म्हणून मैत्रिणीचा चांगला झाला असं समजू नका. लॅबमध्ये बसून आम्ही मशीनला शिव्या खायला लावतो, पण माझा अनुभव असा की बऱ्याच चुका मशीनपर्यंत पोचण्याआधीच झालेल्या असतात.

नाकाच्या मागे, घशाच्या वर जी जागा आहे तिथं हे व्हायरस चांगले सापडतात. तिथं जायला काडी वर डोळ्याकडे नाही, टाळूला समांतर सरळ मागे न्यावी लागते. तिथं टेकली की काही सेकंद थांबायचं, हळूच फिरवायचं, मग काढायचं. डोळ्यात पाणी येतंच, तेवढं होणार. काडीच्या टोकाला सिंथेटिक तंतू असतात, साधा कापूस किंवा लाकडी काडी चालत नाही कारण लाकडातली काही द्रव्यं पीसीआरचं काम अडवतात. मग ती काडी खाचेवर मोडून व्हीटीएमच्या (व्हायरस टिकवून ठेवणारं द्रावण) ट्यूबमध्ये टाकायची, झाकण घट्ट, थंड पेटीत २ ते ८ डिग्रीला आणि ७२ तासांच्या आत लॅबमध्ये.

एक प्रसंग सांगते. एका कॅम्पवरून पेटी आली, उघडली तर आतले आईसपॅक कोमट. व्हीटीएम बहुतेक वेळा गुलाबी असतं, यातल्या चार ट्यूब पिवळ्या पडलेल्या. रंग असा बदलला की समजायचं आत दुसरंच काहीतरी वाढलंय. एका ट्यूबमध्ये तर काडीच नव्हती, नुसतं पाणी! नाव-वय-पत्ता मात्र सुंदर अक्षरात लिहिलेला. त्या माणसाला आम्ही परत बोलावून घेतलं. पण समजा कोणी ती ट्यूब न बघता तशीच लावली असती तर?

यासाठीच चांगल्या किटमध्ये व्हायरसच्या जीनसोबत माणसाचा एक जीनही तपासतात, त्याला कंट्रोल म्हणतात. तो दिसला नाही तर नमुना बाद, परत घ्या. पण याचीही मर्यादा समजून घ्या, काडी नाकाच्या तोंडाशी फिरवली तरी माणसाच्या पेशी येतातच, कंट्रोल पास होतो आणि व्हायरस मात्र मागे राहतो. तो कंट्रोल एवढंच सांगतो की काडी माणसाला लागली होती. कुठे लागली हे त्याला कळत नाही.

आता तुमच्या मुलीसाठी चांगली गोष्ट. स्वॅबला पर्याय आपल्याच गावात शोधला गेला. नीरी या नागपुरातल्या पर्यावरण संशोधन संस्थेच्या डॉ. कृष्णा खैरनार यांच्या टीमने सलाईन गार्गलची, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांची, पद्धत बसवली आणि मे २०२१ मध्ये आयसीएमआरने तिला मान्यता दिली. ट्यूबमधलं मिठाचं पाणी तोंडात घ्यायचं, १५ सेकंद गुळण्या, १५ सेकंद खळखळून त्याच ट्यूबमध्ये सोडायचं. लॅबमध्ये त्यांचं बफर (एक तयार द्रावण) घालून अर्धा तास नेहमीच्या तापमानाला ठेवायचं, मग ९८ डिग्रीला सहा मिनिटं गरम करायचं आणि सरळ आरटीपीसीआर. काडी नको, आरएनए वेगळा काढायचं महागडं किट नको, नमुना घ्यायला पीपीई घातलेला माणूसही समोर उभा नको. गडचिरोली-मेळघाटसारख्या ठिकाणांसाठी याचं मोल किती ते शहरात बसून कळत नाही. २०२० च्या मार्चमध्ये विदर्भातून नमुने नागपूरच्या मेयो हॉस्पिटलच्या लॅबकडे येऊन राहिले होते, ते दिवस आठवले की वाटतं ही पद्धत तेव्हाच हातात हवी होती. लहान मुलांसाठी गार्गल होतं का हे तुमच्या लॅबला आधीच विचारून घ्या, आणि मूल नीट गुळण्या करू शकत असेल तरच.

प्रश्न : व्हिडिओत दाखवलं की किटवर संत्र्याचा रस टाकला तर पॉझिटिव्ह येते. मग हे सगळे किट बोगसच ना? (कामठी)

उत्तर : संत्र्याचा रस टाकला तर रेघ येऊ शकते, खरं आहे. पण त्यावरून किट बोगस ठरत नाही. पट्टीवर व्हायरसचं प्रोटीन धरणाऱ्या ज्या अँटीबॉडी बसवलेल्या असतात त्या एका ठराविक आम्लतेतच नीट काम करतात, म्हणून तर सोबत बफरची छोटी बाटली देतात. थेट आंबट रस किंवा कोला ओतला की अँटीबॉडीचा आकार बिघडतो आणि त्या भलत्याच ठिकाणी चिकटतात. तीच पट्टी नंतर बफरने धुतली तर ती खोटी रेघ निघून जाते. व्हिडिओवाल्याने बफर वापरलंच नाही. पुढे जाऊ.

फक्त नागपूरकरांना एक सांगायचंच आहे. हे किट साधारण २ ते ३० डिग्रीत ठेवायचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि लोक किट घेऊन स्कूटरच्या डिक्कीत टाकतात, दुपारभर गाडी उन्हात. अशा किटची निगेटिव्ह मी मानणार नाही. आणि रेघ बघायची वेळ डब्यात लिहिलेली असते, बहुतेक १५ ते २० मिनिटं. त्या वेळेत पुसट रेघ आली तरी ती पॉझिटिव्हच, आणि तासाभराने कचऱ्याच्या डब्यातून काढून बघितलेली रेघ कशातच धरू नका.

प्रश्न : मला आणि माझ्या चुलत भावाला एकदमच कोविड झाला. त्याची सीटी व्हॅल्यू १७, माझी ३१. तो म्हणतो त्याचा सिरियस होता. पण तो तीन दिवसांत ठणठणीत आणि मी दहा दिवस खाटेवर. आणि आता २४ दिवसांनी ऑफिसने परत टेस्ट मागितली तर माझी अजून पॉझिटिव्ह! मला रजा टाकायला लावून राहिले. (इतवारी)

उत्तर : सीटी म्हणजे मशीनला व्हायरस दिसायला किती फेऱ्या लागल्या. १७ म्हणजे लवकर दिसला, ३१ म्हणजे उशिरा. १४ फेऱ्यांचा फरक म्हणजे त्याच्या ट्यूबमध्ये तुमच्यापेक्षा १६ हजार पट जास्त व्हायरस होता. पण ट्यूबमध्ये, शरीरात नाही! स्वॅब कुणी कितव्या दिवशी कसा घेतला, किट कोणतं, मशीन कोणतं, सगळ्यांनी हा आकडा हलतो. तुमचा कदाचित सातव्या दिवशी घेतला असेल आणि त्याचा दुसऱ्या. आयसीएमआरने ३५ पर्यंत पॉझिटिव्ह धरायला सांगितलं होतं ते निदानासाठी, आजार किती जोरात आहे हे मोजायला नाही. दोन भावांच्या दोन लॅबच्या सीटीची तुलना करूच नका.

२४ व्या दिवसाची पॉझिटिव्ह समजायलाही हेच उपयोगी पडतं. व्हायरस मेल्यावर त्याचे आरएनएचे तुकडे नाकात कित्येक आठवडे पडून असतात, काहींमध्ये तीन महिन्यांपर्यंत, आणि आरटीपीसीआरला जिवंत आणि मेलेला यातला फरक कळत नाही. साध्या आजारात दहा दिवसांनंतर जिवंत व्हायरस वाढवून दाखवणं सहसा जमत नाही. म्हणून बरं झाल्यावर कामावर जायला आरटीपीसीआर मागणं चूकच आहे, आणि यात कितीतरी लोकांची रोजी बुडली, त्याबद्दल मला खरंच राग आहे. डॉक्टरांकडून फिटनेसचं पत्र घ्या आणि एचआरला हे उत्तर दाखवा.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा. ताप, सर्दी, खोकला, दुसरा दिवस. लॅबवाले म्हणतात साडेपाच हजारात २०-२२ व्हायरस एकदम तपासणारं पॅनल करून घ्या. एचएमपीव्ही असेल तर? कोविडची घरची टेस्ट निगेटिव्ह आहे. (मनीष नगर)

उत्तर : एचएमपीव्ही हा सर्दी-खोकल्याचाच एक व्हायरस, त्याला घाबरू नका. तो २००१ पासून माहीत आहे, नेदरलँड्समध्ये सापडला, म्हणजे त्याआधीही होताच. जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या बातम्या आल्या आणि आपल्याकडे एकदम घबराट झाली, पण त्याला वेगळं औषध नाही, त्यामुळे घरी खेळणाऱ्या-खाणाऱ्या मुलात त्याचं नाव कळून उपचार बदलत नाहीत. टेस्ट करायच्या आधी डॉक्टरांना एकच विचारा : रिपोर्ट काहीही आला तरी तुम्ही वेगळं काय करणार? उत्तर "काही नाही" असेल तर साडेपाच हजार वाचवा.

फ्लूचं मात्र वेगळं आहे. त्याचं औषध, ओसेल्टामिविर, पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी, आणि फ्लूच्या साध्या रॅपिड टेस्ट १०० तल्या ५०-७० रुग्णांनाच पकडतात. म्हणून पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, दम्याचा किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर डॉक्टर कित्येकदा रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात. ते घाई करत नाहीत, बरोबर करतात. सरकारच्या स्वाईन फ्लूच्या नियमातसुद्धा साध्या तापाच्या रुग्णाला टेस्ट नाही, टेस्ट आहे ती गंभीर, भरती करायच्या रुग्णाला. आज दुसरा दिवस आहे, तर आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, पॅनलचं ते ठरवतील.

घरची कोविड टेस्ट ४८ तासांनी परत करा, एकदाची निगेटिव्ह पुरेशी नाही. आणि तोवर एक काम रोज करा, त्याला पैसे लागत नाहीत. मुलगा झोपला असेल किंवा शांत असेल तेव्हा शर्ट वर करा, मोबाईलवर एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा, पूर्ण एक मिनिट, रडत असताना नाही. त्याच्या वयाला ४० किंवा त्याहून जास्त आले, किंवा श्वास घेताना छातीच्या फासळ्यांखाली खड्डा पडून राहिला, किंवा तो पाणीही पीत नसेल, तर कोणत्याही रिपोर्टसाठी थांबू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा आणि जे मोठं हॉस्पिटल जवळ असेल तिथं न्या.